‘यातायात’ नावाचं बटण

क्षिप्रा वाकोडेचं मराठी मी चार वर्षं सोसलं. ‘सोसलं’ हाच शब्द बरोबर आहे. केंद्र सरकारात अडतीस वर्षं काढून मी अवर सचिव म्हणून निवृत्त झालो. त्या काळात दुसऱ्यांच्या मसुद्यांवर रेघोट्या ओढायची जी खोड लागली, ती निरोपाचा हार गळ्यात पडला म्हणून सुटली नाही. घरी वाणसामानाच्या यादीतलं शुद्धलेखनही मी तपासतो. बायको म्हणते, ‘तुमच्यासमोर मरायचीसुद्धा चोरी, मेल्यावर बातमीतल्या चुका काढाल.’

आमचा ‘वाटसरू सेवा न्यास’ करोल बागेत दोन खोल्यांत चालतो. महाराष्ट्रातून दिल्लीत येऊन गोंधळलेल्या माणसाला हात द्यायचा, एवढंच आमचं काम. कोणी मोठ्या सरकारी इस्पितळात पेशंट घेऊन येतं, कोणी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी येतं, जानेवारीत काला अंबच्या, म्हणजे पानिपतच्या रणभूमीवरच्या स्मारकाच्या, दर्शनाला जाणाऱ्यांच्या बसगाड्या येतात. अध्यक्ष विजयालक्ष्मीताई, निवृत्त मुख्याध्यापिका, आवाज अजून शाळेतलाच. चिटणीस मी, जयंत. आणि आमची वेबसाइट क्षिप्राची. तिनेच बनवली, तीच सांभाळायची, आणि त्याबद्दल तिला शनिवारच्या चहापलीकडे काही मिळायचं नाही.

क्षिप्रा छत्तिशीची. नोएडातल्या एका शाळेत ग्रंथपाल, राहायला गाझियाबादजवळ वसुंधरात, आई शेवंताबाईंबरोबर. लग्न केलं नाही, का ते मी विचारलं नाही. शनिवारी दुपारी दोन मेट्रो बदलून यायची, पाठीवर लॅपटॉपची सॅक. खोलीत चार बऱ्या खुर्च्या असताना कोपऱ्यातल्या डुगडुगत्या स्टुलावर बसायची, कारण खुर्च्या ‘येणाऱ्या लोकांच्या’. फोनवर कोणी म्हातारं माणूस रस्ता चुकलेलं असलं की त्याच्या रिक्षावाल्याशी बोलायची आणि ते दारात उतरेपर्यंत फोन ठेवायची नाही. कधीकधी पाऊण तास. मग म्हणायची, “पोचले काका, सही सलामत.”

मुलगी सोन्यासारखी, याबद्दल वाद नव्हताच. वाद तिच्या मराठीबद्दल होता. जन्म दिल्लीचा, शाळा दिल्लीची, त्यामुळे घरात जेवढं मराठी तेवढंच पदरात. बोलताना अडलं की हिंदीतला शब्द उचलायची आणि पुढे जायची. बोलण्यात ते खपतं, इथे आम्ही सगळेच तसं बोलतो. पण वेबसाइटवर ते छापलेलं दिसायचं, आणि खाली न्यासाचं नाव असायचं.

तिच्याबद्दल मी इतक्या हक्काने बोलायचो, कारण तिचे वडील गुणवंत वाकोडे माझे मित्र. मूर्तिजापूरकडचा माणूस, आमच्याच मंत्रालयात. लक्ष्मीबाई नगरात आमचे क्वार्टर समोरासमोर. दुपारी आम्ही एका टेबलावर डबे उघडायचो आणि त्याचा ठेचा मी माझ्या पोळीला लावून खायचो. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो कार्यालयातच गेला. क्षिप्रा तेव्हा बारा वर्षांची होती. सरकारी क्वार्टर सोडावं लागलं, मायलेकी यमुनेपलीकडे गेल्या. मी चार-पाचदा जाऊन आलो, मग बदली, बढती, मुलांच्या परीक्षा. जाणं सुटलं. ही गोष्ट मला तेव्हाही टोचत होती, पण टोचणाऱ्या गोष्टी बाजूला ठेवायला मी चांगला शिकलेलो आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर विजयालक्ष्मीताईंनी बैठकीत विषय काढला. “वेबसाइटवर लोक येतात, जरा थांबतात आणि निघून जातात. मग तेच फोनवर विचारतात. सगळं लिहिलेलं असताना त्यांना सापडत का नाही? जयंतराव, तुम्ही बघा आणि पुढच्या महिन्यात अहवाल द्या.”

अहवाल म्हटलं की माझ्या अंगात वारं शिरतं. लोक का थांबत नाहीत हे शोधायला सांगितलं होतं, मी शोधल्या चुका. त्या काय एकेक सापडल्या! विद्यार्थ्यांच्या पानाचं नाव ‘विद्यार्थ्यांसाठी शिक्षा’. देणगीच्या पानावर रक्कम विचारायला ‘आपली राशी निवडा’. भरलेला अर्ज दुरुस्त करायचा तर ‘अर्जात संशोधन करा’. आमच्याशी बोलायचं तर ‘वार्ता करा’. स्वयंसेवक कसे वागले ते कळवायचं तर ‘आमचा व्यवहार कसा वाटला?’ मासिक बातमीपत्र हवं असेल तर ‘दरमहा आमचा समाचार घ्या’. आणि मेट्रो, रिक्षा, कोणत्या स्टेशनवर उतरायचं, ही माहिती जिथे होती त्या बटणावर ‘यातायात’. हिंदीत यातायात म्हणजे वाहतूक. मराठीत यातायात म्हणजे जी दिल्लीत आल्यावर माणसाची होते ती.

असे सात शब्द.  मी सगळं टाइप केलं, प्रती काढल्या आणि बैठकीत उभा राहून वाचलं.

आता खरं सांगायचं तर मी नुसतं वाचलं नाही, रंगवलं. ‘विद्यार्थ्यांसाठी शिक्षा’ला म्हणालो, “पूर्व परीक्षा देतात ती पुरेशी नाही का?” सगळे हसले. राशीला म्हणालो, “माझी कन्या, देणगीची पावती मिळेल ना?” विजयालक्ष्मीताईंनी चष्मा काढून डोळे पुसले. समाचारापर्यंत येईतो लोक टेबलावर हात आपटत होते. क्षिप्राही हसत होती. स्टुलावर बसून, तोंडावर हात धरून, “बाप रे काका, हे मी लिहिलंय?” म्हणत होती. तिथे मी थांबायला हवं होतं. पण हशाची चटक वाईट. मी छताकडे बघून हात जोडले आणि म्हणालो, “गुणवंता, पोरीला मराठी शिकवायचं राहिलंच की रे तुझं!”

हशा झाला, तोही मोठा. फक्त क्षिप्राच्या तोंडावरचा हात तसाच राहिला आणि त्यामागचं हसू गेलं. ते मी पाहिलं. पाहूनही खाली बसलो आणि चहा घेतला.

त्याच संध्याकाळी तिने सातही शब्द बदलले. मी अहवालात सुचवले होते तेच घातले, काना-मात्रेसकट. ‘यातायात’च्या जागी ‘प्रवासविषयक मार्गदर्शन’ आलं. मग विजयालक्ष्मीताईंना निरोप पाठवला: ‘चुका दुरुस्त केल्या आहेत. पासवर्ड कागदावर लिहून टेबलाच्या खणात ठेवला आहे. आता नीट मराठी येणाऱ्या कोणाकडे द्यावं.’ पुढच्या शनिवारी स्टूल रिकामं होतं. त्याच्या पुढच्याही.

विजयालक्ष्मीताईंनी मला कोपऱ्यात घेतलं. “नीट मराठी येणारे तुम्हीच ना? मग घ्या.” त्यांनी तो कागद माझ्या हातात ठेवला. शाळेत वर्गाबाहेर उभं राहिलेल्या पोराकडे जसं बघतात तसं त्या माझ्याकडे बघत होत्या.

मी क्षिप्राला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तिने उचलला, दोन्ही वेळा आवाज साखरेसारखा. “नाही काका, रागावले नाही. स्कूलमध्ये आहे, नंतर बोलू?” नंतर काही बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाऱ्या माणसाला समजावता येतं. गुणवंताच्या मुलीला पुन्हा त्या खोलीत आणायचं कसं, हे मला कळेना, आणि तिच्याशिवाय शनिवारची ती खोली सरकारी प्रतीक्षालयासारखी वाटायला लागली.

एका दुपारी मी तो कागद घेऊन संगणकासमोर बसलो. आत गेल्यावर आकडे दिसत होते: कोणत्या पानावर किती माणसं आली, किती वेळ थांबली. ‘आमची उद्दिष्टे’ या पानावर माणूस सरासरी नऊ सेकंद थांबे. ती उद्दिष्टं मी लिहिली होती, तीन रविवार खपून. ‘कार्यकारिणी’वर चार सेकंद. तिथे माझा फोटो आहे.

‘यातायात’वर सात मिनिटं.

मी चष्मा पुसून परत पाहिलं. सात मिनिटं, आणि चार वर्षांत सगळ्यात जास्त माणसं तिथेच. मेट्रोचा नकाशा बघायला सात मिनिटं कशाला लागतात? आणि मी नाव दुरुस्त केल्यापासून ते पान ओस पडलेलं. ‘प्रवासविषयक मार्गदर्शन’ला कोणी विचारत नव्हतं.

पानाच्या तळाशी एक चौकट होती. नाव, गाव, फोन, आणि ‘तुमचा प्रश्न लिहा’. कोणत्या स्टेशनवर उतरू, एवढं विचारण्यापुरती ठेवलेली. त्या चौकटीत लिहिलेलं कुठे जातं हे शोधत मी एका टपालपेटीत पोचलो. चार वर्षांतले सहाशे बारा निरोप तिथे होते. मी पहिला उघडला.

‘नाव: अहिल्या. गाव: मंगरूळपीर. नवऱ्याला घेऊन आले आहे. चार दिवस झाले, कोणत्या खिडकीवर जायचं ते कोणी सांगत नाही. हिंदी मला येत नाही. फार यातायात चालली आहे. तुमच्याकडे तसं नाव दिसलं म्हणून लिहिते.’

तसं नाव दिसलं म्हणून. मी तिथेच थांबलो. बाकीच्या बटणांवर आम्ही होतो: आमची उद्दिष्टं, आमची कार्यकारिणी, आमचे उपक्रम. इस्पितळाच्या पायरीवर बसून मोबाइल उघडणाऱ्या बाईला त्यांतलं एकही बटण आपलं वाटलं नव्हतं. एकाच बटणावर तिला तिची स्वतःची अवस्था लिहिलेली दिसली होती, आणि ती हिंदीतली चूक होती.

खाली क्षिप्राचं उत्तर होतं, अठरा मिनिटांत दिलेलं. ‘अहिल्याताई, घाबरू नका. आज तिथेच रुका. उद्या सकाळी सात वाजता पाच नंबरच्या गेटपाशी मी येते. मी निळी ओढणी घेतली असेल. कागद सगळे एका पिशवीत ठेवा, आणि काहीतरी खाऊन घ्या.’

मी दुसरा उघडला, तिसरा उघडला. बायकोने जेवायला हाक मारली ती ऐकूच आली नाही. धाराशिवकडचा धीरज नावाचा मुलगा तिसऱ्यांदा नापास झाला होता, घरी सांगितलं नव्हतं, तीन दिवस खोलीबाहेर पडला नव्हता. त्याला तिने लिहिलं होतं, ‘गेलेली परीक्षा वापस येत नाही. तू घरी जाऊ शकतोस, आईने दार बंद केलं नाहीये. मी फोन करू का तिला, का तू करतोस?’ त्याच्यानंतर त्याचे बावीस निरोप होते, एकाहून एक मोकळे. शेवटचा त्याच्या गावातल्या शाळेतून, नोकरी लागल्याचा. मिरजेकडचे अंबादास नावाचे गृहस्थ बावन्न माणसं घेऊन काला अंबला निघाले होते आणि पानिपतात त्यांची बस बिघडली होती. क्षिप्राने शाळेतून रजा काढली, पानिपत गाठलं आणि एका हातमागवाल्याच्या गोदामात त्यांची पंगत मांडली. अंबादासरावांनी परत गेल्यावर लिहिलं होतं, ‘बाई, तुमचं मराठी आमच्या धाकट्या सुनेसारखं आहे. ती ग्वाल्हेरची. ऐकायला गोड वाटतं.’

सहाशे बारा उत्तरं, आणि हे तिने आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. तिला बिचारीला वाटत असणार, दिल्लीत नव्या माणसाला त्रास होतो तो वाहतुकीचाच, तेव्हा लोक तिथे लिहिणारच. आणि सांगितलं असतं तर आम्ही काय केलं असतं? मी उत्तरं मागवली असती आणि तपासली असती.

सगळ्यात वरचा निरोप मी शेवटी पाहिला. तो आठच दिवसांपूर्वीचा होता. नाव बदलल्यानंतर त्या पानापर्यंत पोचलेला एकुलता एक माणूस. त्यालाही उत्तर गेलं होतं, वीस मिनिटांत. पासवर्ड खणात ठेवून, स्टूल रिकामं करून गेलेली मुलगी आपल्या फोनवर येणारे निरोप अजून वाचत होती आणि लोकांना गेट नंबर सांगत होती. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

लाज वाटली की माणसाने गप्प बसावं. मी कामाला लागलो. म्हटलं, ते जुनं नाव आपणच परत घालू. विजयालक्ष्मीताईंचा भाचा निहार अशी कामं करतो, पण त्याला विचारलं तर सगळं सांगावं लागलं असतं. मी वरच्या पट्टीत शिरलो, एक शब्द पुसला, एक घातला, ‘जतन करा’वर बोट ठेवलं. पट्टी गेली. सगळीच्या सगळी. उद्दिष्टं गेली, कार्यकारिणी गेली, माझ्या फोटोकडे जायचा रस्ताही गेला. मी परत दाबलं, तर मथळाही गेला. पडद्यावर उरली फक्त ती चौकट: नाव, गाव, फोन, तुमचा प्रश्न लिहा.

मग मीही तेच केलं, जे त्या सगळ्यांनी केलं होतं.

नाव लिहिलं. ‘गाव’पाशी अडखळलो. फलटण सोडून चाळीसहून जास्त वर्षं झाली, तरी बोटांनी फलटणच लिहिलं. प्रश्नाच्या जागी पहिला मसुदा असा होता: ‘दिनांक अमुकच्या बैठकीत अनवधानाने काही उद्गार काढले गेले.’ काढले गेले! जसे काही ते स्वतःच्या पायांनी माझ्या तोंडातून बाहेर पडले होते. खोडलं. पाच मसुदे खोडले. अखेर जे गेलं ते हे: ‘माझ्या हातून वेबसाइटची सगळी बटणं गेली आहेत. आणि माझ्या मित्राच्या मुलीला मी चारचौघांत वाईट बोललो. ते परत कसं घ्यायचं, हे मला मराठीत सुचत नाही.’

अकरा मिनिटांनी उत्तर आलं. ‘काका, बटणं आली परत. तुम्ही आता काही दाबू नका. शनिवारी येते.’

शनिवारी मी तासभर आधी जाऊन बसलो. ती आली, सॅक उतरवली, खुर्चीकडे बघितलंही नाही, स्टुलावर बसली. मी आठवडाभर एक काम केलं होतं. सहाशे बारा निरोप वाचून लोकांची पहिली वाक्यं वहीत उतरवून काढली होती. ती वही तिच्यासमोर ठेवली आणि म्हणालो, “बटणांवर आपली भाषा नको. ही घालू.”

तिने वही वाचली. बऱ्याच वाक्यांपाशी तिचं बोट थांबत होतं, माणूस आठवत असावा. मग आम्ही कामाला लागलो. ‘उद्दिष्टे’ तळाला गेली, कार्यकारिणीही. वर आलं, ‘राहायला जागा मिळेल का?’ त्याच्या शेजारी ‘दवाखान्यात कोणत्या खिडकीवर जाऊ?’, मग ‘परीक्षेसाठी आलोय’, मग ‘काला अंबला कसं जायचं?’

“आणि ‘यातायात’ ठेवायचं,” मी म्हणालो. “ते माझ्याकडून. मानाने.”

“नको काका. ते चुकून बरोबर होतं. ज्याला तो शब्द माहीत नाही तो कुठे जाईल? माझ्यासारखा?”

 अवर सचिवाला निरुत्तर करायला संयुक्त सचिव लागतो, इथे एका ग्रंथपालाने केलं. शेवटचं बटण तिने स्वतः लिहिलं. ‘बोला, मी ऐकतेय.’

माझी खोड उसळलीच. “संस्थेच्या बटणावर ‘मी’? ‘आम्ही’ हवं. न्यास आहे आपला.”

“‘आम्ही’ लिहिलं की लोकांना वाटतं, तिकडे कोणीच नाहीये.” ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. “‘मी’ लिहिलं की वाटतं, एक तरी आहे.”

अडतीस वर्षं मी ‘असे कळविण्यात येते’ लिहीत आलो. कोण कळवतंय, ते कधी लिहिलं नाही. मी म्हणालो, “असू दे. ‘मी’च असू दे.” आणि मग, विषय निघालाच आहे असं स्वतःला समजावून, जे बोलायला तासभर आधी येऊन बसलो होतो ते बोललो. “क्षिप्रा, त्या दिवशी मी तुझ्या बाबांबद्दल जे बोललो...”

तिचे हात थांबले. “ते चुकीचं होतं, काका.” आवाजात राग नव्हता, चूक दाखवतात तसं ती बोलत होती. “माझी मराठी कच्ची आहे, ते ठीक आहे. पण बाबांनी शिकवलं नाही, असं नाही ना. दर संडेला शिकवायचे. ऑफिसच्या जुन्या रजिस्टरच्या पानावर दहा शब्द लिहायचे, समोर अर्थ. मी पाठ करायचे, मग आम्ही आइसक्रीम खायला जायचो. अपासून सुरू केलं होतं आम्ही.” तिने ओढणीने लॅपटॉपचा पडदा पुसला, तिथे काही नसताना. “ते गेले तेव्हा ‘म’ झाला होता.”

गुणवंत रेकॉर्ड विभागातला माणूस. त्याच्या खोलीत हजारो फायली अकारविल्हे लावलेल्या असायच्या, आणि मुलीला भाषा द्यायची म्हटल्यावर त्याने तीही तशीच द्यायला घेतली होती.

मी माझी यादी आठवली. त्या दिवशी इतकी रंगवून वाचलेली, टाइप केलेली, सगळ्यांना वाटलेली. यातायात, राशी, वार्ता, व्यवहार, शिक्षा, संशोधन, समाचार. मी परत एकदा पहिल्यापासून, प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर थांबत म्हणून पाहिली. मग तिची उत्तरं आठवली, ‘रुका’ आणि ‘वापस’ असलेली. क्षिप्रा माझ्याकडे बघत होती, आणि मला रडू येत होतं ते मी लपवलं नाही, लपलंही नसतं.

अपासून ‘म’पर्यंत तिचा एकही शब्द चुकला नव्हता. गुणवंताने जेवढं शिकवलं होतं, तेवढं सगळं तिला येत होतं.